फ्यूजच्या जागी तार

काष्टीच्या बाजारतळावरून दौंडच्या दिशेने निघाले की डाव्या हाताला पत्र्याचे एक दुकान लागते. त्यावर पाटी नाही. आत समोरच्याच भिंतीवर, एरवी देवाची तसबीर असावी अशा जागी, जळालेल्या वायरिंगचा एक गुंता खिळ्याला टांगलेला आहे. तारा वितळून एकमेकींत मुरलेल्या आहेत आणि त्यांच्यावरचे प्लास्टिक काळ्या थेंबांनी गोठलेले आहे. नवे गिऱ्हाईक हे काय आहे म्हणून विचारते. कल्याण गवते मान वर न करता सांगतो, "माझंच काम हाय ते."

कल्याण चोपन्न वर्षांचा आहे. श्रीगोंद्याला वायरमनचा कोर्स करून त्याने हे दुकान टाकले, त्याला आता तीस वर्षे होतील. ट्रॅक्टर, ट्रॉली, टेम्पो, क्वचित एखादी जीप, यांच्या दिव्यांचे आणि बॅटरीचे काम तो करतो. या भागात असे काम वर्षभर सारखे नसते. कारखान्यांचे गाळप सुरू झाले की उसाच्या जोड-ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर येतात आणि कुणालाच थांबायला सवड उरत नाही. दिव्याच्या वाटेवर कुठे तार घासली, विजेने आडमार्ग धरला, की फ्यूज वितळतो आणि दिवे जातात. फ्यूज वितळण्यासाठीच असतो, कारण तो वितळला नाही तर तार वितळते. पण कारखान्यावर नंबर लागलेला, तोडलेला ऊस वाळत चाललेला, अशा वेळी दोष शोधत कोण बसणार? फ्यूज काढून त्याच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा वाकवून बसवायचा. दिवे लगेच लागतात. या कृतीला सगळ्या पंचक्रोशीत एकच शब्द आहे, 'डायरेक्ट'. कल्याणने पहिल्या अठरा वर्षांत अशी किती वाहने डायरेक्ट केली याची गणती त्याच्यापाशी नाही.

भिंतीवरचा गुंता त्यांपैकी एकाचा आहे. बारा वर्षांपूर्वीच्या माघात छगन मोटे नावाचा ड्रायव्हर आपला ट्रॅक्टर घेऊन आला. त्याचा फ्यूज एका दिवसात तीनदा उडाला होता. "दोष बिष नंतर बघ. डायरेक्ट टाक," तो म्हणाला, आणि कल्याणने तार टाकली. चौथ्या दिवशी कालव्याच्या पुलावर वायरिंग पेटले आणि त्यापाठोपाठ डिझेलची नळी. छगन वाचला. त्याच्या डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत मेणासारखी ओघळून जागोजागी गोळा झाली ती कायमची. दवाखान्यात भेटायला गेलेल्या कल्याणला तो म्हणाला, "तू कशाला तोंड पाडतो? मीच म्हनलो हुतो." पोलिसांनाही त्याने तेच सांगितले. कल्याणला शिवी मिळाली असती तर कदाचित ती कधीतरी विसरता आली असती.

त्या दिवसापासून कल्याणने फ्यूजच्या जागी तार टाकलेली नाही. हंगामात त्याच्या दारातून ट्रॅक्टर परत जाऊ लागले. लोक त्याला 'फ्यूजवाला' म्हणू लागले. छगननेही त्या दिवसापासून एक नेम धरला. दर शनिवारच्या बाजारात ताजे लिंबू, सात मिरच्या आणि खाली काळा बिबा ओवलेली माळ घ्यायची आणि ती गाडीच्या तोंडाला बांधल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावायचा नाही. एकाच आगीतून दोघे दोन शिस्ती घेऊन बाहेर पडले होते, आणि दोघांनाही एकमेकांची शिस्त थोडी हास्यास्पद वाटत असे.

गेल्या डिसेंबरात पुष्पावती ढाकणे दुकानात आल्या. शेवगाव तालुक्यात तेहतीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या गावांतली निम्मी माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला नदीकाठच्या पट्ट्यात उतरतात. ज्या गरोदर बायकांची नावे त्यांनी सप्टेंबरात वहीत लिहिली, त्यांच्यापैकी कित्येक जानेवारीत परक्या मळ्यात, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत बाळंत होत. निवृत्तीनंतर या टोळ्यांच्या मागोमाग फिरायचे, असे त्यांनी ठरवले होते. त्यासाठी त्यांनी जी गाडी मिळवली होती, ती पाहायला अर्धी काष्टी जमली.

ती साठ वर्षांपूर्वी इंग्लंडात बांधलेली होती. आत दोन बाके, शेगडी, कपाटे, म्हणजे चाकांवरचे घरच. एक परदेशी जोडपे तीत राहत, रस्त्याने देश ओलांडत नगरजवळच्या आश्रमापर्यंत आले होते. जाताना ते विमानाने गेले आणि गाडी शेडमध्ये पन्नास वर्षे राहिली. कागदपत्रांच्या दोन वर्षांच्या खटपटीनंतर ती पुष्पावतींच्या नावे झाली होती. लोकांनी पहिल्याच दिवशी तिला 'बंगलागाडी' म्हणायला सुरुवात केली. तिच्यासाठी ड्रायव्हर म्हणून कल्याणनेच छगनचे नाव सुचवले.

"साठ वरसांची म्हातारी हाय, सिस्टर," छगन गाडीभोवती फिरून म्हणाला. "हिला नवं दिवं म्हंजी आजीबाईला झुमकं. घालून न्यायची कुठं?"

"मी बासष्टची आहे, छगनराव. मला कुठं नेणार आहात?"

जमलेले लोक हसले. पुष्पावती हसल्या नाहीत. त्या कल्याणकडे वळल्या. "मिस्त्री, मला दोनच गोष्टी हव्यात. ही गाडी अंधारात लांबून दिसली पाहिजे, आणि आत झोपलेल्या बाईच्या उशाशी काही पेटता कामा नये. बाकी काय घालायचं ते तुम्ही ठरवा."

कल्याणने पत्रा उचकटून पाहिले. तारांवर कापडाचे वेष्टन होते आणि ते बोट लावताच भुगा होऊन गळत होते. उंदरांनी काही ठिकाणी तांबे उघडे पाडले होते. बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी चौकटीवर ठोकलेला, बाकांत जुना स्पंज, मागे गॅसची टाकी. त्याने सगळे जुने वायरिंग काढायचे ठरवले. पुढचे दोन मोठे दिवे, छताच्या चार कोपऱ्यांवर चार छोटे, मागचे लाल, वळणाचे पिवळे, आणि दाराबाहेर एक पांढरा दिवा, ज्याच्या उजेडात बायका तपासणीसाठी थांबतील. सगळे एलईडी, कारण म्हाताऱ्या डायनॅमोला जास्त भार सोसवणारा नव्हता.

तीन आठवड्यांच्या त्या कामात त्याने पहिली चूक नवव्या दिवशी केली. सगळे जोडून त्याने बटण दाबले आणि एकही दिवा लागला नाही. त्याने नगरच्या दुकानदाराला फोन करून डुप्लिकेट माल दिल्याबद्दल चार माणसांदेखत झापले. दुसऱ्या दिवशी तो बॅटरीपाशी नुसता बसून राहिला, तेव्हा त्याला दिसले की चासीला बांधलेल्या जाड पट्ट्यावर गंजाखाली लाल रंगाचा पुसट डाग आहे. त्याने आयुष्यात हाताळलेल्या प्रत्येक वाहनात बॅटरीची काळी, म्हणजे ऋण, बाजू गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली असे. या गाडीत लाल बाजू अंगाला होती. साध्या बल्बला त्याने फरक पडत नाही. एलईडी उलट्या दिशेच्या विजेला दाद देत नाही. त्याने सगळे फिरवून घेतले आणि दुकानदाराला पुन्हा फोन केला. "तुमचा माल चांगला हाय. माझी सवय खोटी निघाली," एवढेच तो म्हणाला.

जानेवारीतल्या त्या शनिवारी काम संपत आले होते. दिव्यांच्या प्रत्येक जोडणीला स्वतंत्र फ्यूज देणारी सहा खणांची पेटी बसवून झाली होती, परंतु तारा तिच्यात वाटून द्यायच्या राहिल्या होत्या. चाचणीपुरते बाहेरचे सगळे दिवे एकाच फ्यूजवर होते. पुढच्या दिव्यांच्या मागे टोके झाकणाऱ्या रबरी टोप्या सोमवारी नगरहून यायच्या होत्या. तोवर मागच्या बाजूने टोके उघडी होती.

पावणेसहाला, काम बघायला दुकानात आलेल्या पुष्पावतींचा मोबाईल वाजला. नदीकडच्या एका मळ्यात उतरलेल्या टोळीतली सविता, आठवा महिना, सकाळपासून मोळ्या वाहत होती. आता तिला रक्तस्राव सुरू झाला होता. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली. यायला तास लागणार होता. टोळीचा टेम्पो कारखान्यावर होता.

"मिस्त्री, गाडी चालते का?"

"चालती. पन सिस्टर, काम अर्धं हाय. सगळं एका फ्यूजवर हाय. पुढच्या दिव्यांची टोकं उघडी हायेत."

"तर मग तुम्ही बरोबर चला."

कल्याणने सुट्या फ्यूजची डबी हलवून पाहिली. आत दोन होते. त्याने हत्यारांची पेटी उचलली. छगन आधीच स्टेअरिंगवर बसला होता.

जाताना उजेड होता. सहा किलोमीटरची वाट, त्यातली शेवटची चार मातीची, एका बाजूला उभा ऊस आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेली चारी. कोप्यांपाशी पोहोचेपर्यंत दिवस बुडाला. सविताला गोधडीसकट चौघांनी उचलून आतल्या बाकावर ठेवले. तिची सासू छबूबाई हातातला कोयता टाकायला विसरून तशीच गाडीत चढली. पुष्पावतींनी सविताचे पाय उशीवर घेतले, नाडीवर बोट ठेवले आणि पुढे फक्त एवढे सांगितले, "छगनराव, दौंड. गचके कमी."

दिवे लागले, तेव्हा त्या घाईतही कल्याणच्या नजरेत काहीतरी समाधान आले असावे. दोन्ही बाजूंचा ऊस पानापानासकट दिसत होता. दीड किलोमीटर गेल्यावर चारीच्या मोरीवर पुढचे चाक खड्ड्यात आदळले आणि समोरचे सगळे नाहीसे झाले.

छगनने ब्रेक दाबला. पुढचे, मागचे, छतावरचे, बाहेरचा एकही दिवा उरला नव्हता.

"मिस्त्री, गेलं."

कल्याणने मोबाईलच्या उजेडात फ्यूजची पेटी उघडली. फ्यूजची पट्टी काळी पडली होती. त्याने डबीतला एक फ्यूज बसवला आणि बटण दाबले. टिक असा बारीक आवाज झाला. तोही गेला. डबीत आता एकच राहिला.

"तू मोबाईलचा उजेड धरून पुढं चालत जा," छगन म्हणाला. "मी हळू घेतो."

"अडीच किलोमीटर? चालत? अन् मागनं आलेल्याला आपुन दिसनार कसं?"

आतून सविता ओरडली. तो आवाज संपल्यावर पुष्पावतींचा आवाज आला. "मिस्त्री, किती वेळ?"

"धा मिनिटं."

"दहा मी देते. पंधरा माझ्याकडं नाहीत."

छगन खाली उतरून कल्याणच्या अगदी जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "डायरेक्ट टाक."

कल्याणने त्याच्याकडे पाहिले. "तू म्हनतोस हे?"

"मीच म्हननार. हात माझा जळाला हुता, तुझा न्हाई. मला हक्क हाय म्हनायचा."

"आत लाकूड हाय, छगन. स्पंज हाय. गॅसची टाकी हाय. फ्यूज उगं न्हाई उडाला. कुठंतरी तार अंगाला लागलीय. तिथं आग व्हनार."

"अन् हितं उभं राहून काय व्हनार?"

त्याच वेळी मागच्या वळणापलीकडून ट्रॅक्टरवर लावलेल्या गाण्याचा आवाज येऊ लागला. जोड-ट्रॉल्यांची खेप कारखान्याकडे निघाली होती. असला ट्रॅक्टर पन्नास पावलांत थांबत नाही, हे तिघांनाही ठाऊक होते, आणि त्याच्या वाटेत एक न दिसणारी गाडी उभी होती.

छबूबाई दारातून खाली उतरली. तिने एकदा आवाजाच्या दिशेने पाहिले, एकदा या दोघांकडे. "तुमी तारा बघा, भाऊ. ट्याक्टर मी थांबविते. त्येच्यावर आमच्याकडचंच कुनीतरी असंल." कडेच्या तोडलेल्या रानातले वाळलेले पाचट तिने दोन कवळ्यांत उचलले आणि ती मागे धावत गेली. बरेच अंतर गेल्यावर तिने ते वाटेच्या मधोमध टाकून काडी लावली. जाळ माणसाच्या उंचीचा उठला. छगनने तोंड फिरवले.

कल्याणने हत्यारांच्या पेटीतून इंडिकेटरचा एक जुना, साधा बल्ब काढला. तारेचे दोन तुकडे कापून त्याने ते बल्बला जोडले. तिसराही तुकडा कापला, त्याची दोन्ही टोके सोलली, आणि तो मात्र कशाला जोडला नाही. मग फ्यूजच्या जागी त्याने हा बल्ब लावला. तार टाकली असती तर सगळी वीज बेबंद धावली असती. बल्ब तिला धरून ठेवतो, आणि दोष आहे तोवर स्वतः भरपूर उजेड देतो. दोषी वाट तोडली की तो मंदावतो. वाट कोणती, एवढेच शोधायचे असते.

बटण दाबताच बल्ब लख्ख पेटला.

"हा लागला की!" छगन म्हणाला.

"लागला म्हंजी वाईट हाय. मोबाईल धर. हलवू नको."

छगनने मोबाईल जळालेल्या हातात धरला. त्याची बोटे पूर्ण मिटत नव्हती, म्हणून उजेड थरथरत होता. कल्याणने मागच्या दिव्यांची जोडणी सोडवली. बल्ब तसाच. छतावरच्यांची सोडवली. बल्ब तसाच. मागे ट्रॅक्टरचे गाणे थांबले होते आणि कुणीतरी छबूबाईवर खेकसत होते. ती त्याला त्याहून मोठ्या आवाजात उत्तर देत होती. दाराबाहेरचा दिवा सोडवला. बल्ब तसाच.

आतून सविता दुसऱ्यांदा ओरडली. या वेळी आवाज लांबला आणि मधेच तुटला.

"सात मिनिटं झाली," पुष्पावती म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता.

कल्याणचा हात क्षणभर थांबला. डाव्या मुठीत काहीतरी धरूनच तो उजव्या हाताने काम करत होता. त्याने उजव्या मोठ्या दिव्याची जोडणी ओढली. बल्ब तसाच. तो गुडघ्यांवर सरकत डाव्या दिव्यापाशी गेला आणि ती जोडणी ओढली. मागे, फ्यूजच्या पेटीपाशी, बल्ब विझल्यासारखा मंद झाला.

"हितं," तो म्हणाला.

मोबाईलचा उजेड दिव्यामागच्या पोकळीत गेला. तिथे एक लिंबू लटकत होते. त्याखाली सात मिरच्या, त्याखाली बिबा. माळ लोखंडी तारेत ओवलेली होती. नव्या गाड्यांना पुढे जाळी असते, तिच्यात ती अडकवता येते. या जुन्या गाडीच्या गुळगुळीत तोंडाला बांधायला जागाच नव्हती, म्हणून बांधणाऱ्याने तार दिव्यामागच्या भोकातून घेऊन बंपरला पीळ दिला होता. गचक्याने ती सरकली होती आणि तिचा बाक थेट उघड्या टोकावर टेकला होता.

छगन म्हणाला, "सकाळी बांधली. बाजारातनं आनली अन् बांधली."

ती टोके उघडी कुणी ठेवली होती, हे कल्याणला छगनपेक्षा चांगले माहीत होते. त्याने पक्कडीने तार तोडली, माळ छगनच्या हातात दिली आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून टोकावर चढवला. सगळ्या जोडण्या परत लावल्या. बल्ब काढून त्या जागी शेवटचा फ्यूज बसवला. बटण दाबण्याआधी त्याने एकदा आतल्या अंधाराकडे पाहिले.

समोरचा ऊस पुन्हा पानापानासकट उभा राहिला. मागून ट्रॅक्टरवाल्याने, कुणास ठाऊक का, दोनदा हॉर्न वाजवला. छबूबाई जाळावर माती लोटून धावत आली आणि चढता चढता म्हणाली, "म्हनलं नव्हतं? आमच्याकडचाच, गेवराईचा निघाला."

दौंडच्या दवाखान्यात ते साडेसातच्या सुमाराला पोहोचले. सविताला आत घेतले. पुष्पावती तिच्याबरोबर आत गेल्या, त्या बराच वेळ आल्या नाहीत. आवारात बंगलागाडी उभी होती आणि तिच्या पायरीवर कल्याण व छगन बसले होते. रखवालदार गाडी बाजूला घ्या म्हणून दोनदा सांगून गेला. त्याच्या बोलण्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. शेवटी छबूबाई बाहेर आली. तिच्या पदराला पाचटाच्या धुराचा वास होता.

"पोरगी हाय. लई बारीक हाय, पन रडली. सविताला रगत चढवायलेत. जगती म्हनले." एवढे सांगून ती पायरीवर, दोघांच्या मधे, बसली आणि मग पहिल्यांदा रडली.

ती आत परत गेल्यावर छगनने विचारले, "घावलं नसतं तर?"

कल्याणची नजर डाव्या दिव्याकडे गेली, तेव्हा तो म्हणाला, "बिबा मी बांधला, ते माझं मी बघीन. मी तुला इच्यारतोय. पंधरा मिनिटं झाली असती, अन् घावलं नसतं. तर?"

कल्याणने डावी मूठ उघडली. तळहातावर तांब्याच्या तारेचा तुकडा होता. दोन्ही टोके सोललेली, फ्यूजच्या खाचेत नेमकी बसेल अशी वाकवलेली. त्याचा वळ तळव्यावर लालभडक उमटला होता.

"तिसऱ्यांदा वरडली असती, तर टाकनार हुतो."

छगनने तार उचलली. ती सरळ करायचा त्याने प्रयत्न केला, पण त्या हाताच्या बोटांनी ते जमले नाही. त्याने ती परत कल्याणच्या तळव्यावर ठेवली, त्याच वळावर, आणि खिशातून माळ काढली. लिंबू चेंबले होते. बिबा शाबूत होता.

"ही आता कशात ओवू?"

"सुतळीत ओव," कल्याण म्हणाला. "अन् आरशाला बांध. पुढं न्हाई."

मग तो उठला आणि ट्यूबचा उरलेला तुकडा घेऊन उजव्या दिव्यामागचे टोक झाकायला गेला. सोमवारपर्यंत थांबायचे त्याने आता रद्द केले होते.